पिवळ्या खात्यातला उन्हाळा

“…कदम आतून जळतोय म्हणे. कंपनीचे डॉक्टरच म्हणाले, हा उन्हाळा काही—”

एवढं माझ्या कानावर पडलं आणि रॉकेलची हातगाडी आली. रांगेतल्या सगळ्या कॅनना एकदम पाय फुटले आणि पुढचं वाक्य त्या खडखडाटात गेलं. बोलत होत्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या नाईकबाई. मी मान वळवली तर त्यांनीही मला पाहिलं, आणि लगेच रॉकेलवाल्याला माप नीट धरायला सांगू लागल्या.

कदम म्हणजे आमच्या समोरच्या दारातला वसंत कदम. नाईकबाईंचा दीर त्याच्याच कंपनीत टाइम ऑफिसात होता, त्यामुळे ही बातमी काही वाऱ्यावरची नव्हती.

लोक मला विचारतात, सावंतबाई, तुमच्याकडे एवढ्या गोष्टी येतात कुठून? अहो, येतात कुठून काय! वाशीतली ती नवी घरं, दोन दारांमध्ये चार फुटांची जागा. त्यांच्याकडे फोडणी पडली की ठसका मला लागायचा. पलंगाखाली धूळ साठते तशा गोष्टी साठतात. झाडायला बसलं की मूठमूठ निघतात. ऐंशीच्या आसपासच्या त्या वर्षी जेवढ्या निघाल्या तेवढ्या सगळ्या कदमच्याच निघाल्या.

*

ठाणे-बेलापूर रस्त्यावर त्याची कंपनी. तिथे छत्रीच्या कापडाला लावतात तो काळा रंग बनायचा. पण काळा करण्याआधी म्हणे पिवळा माल करावा लागतो. त्या पिवळ्या मालाच्या टाकीवर कदम. कंपनीत त्या जागेला सगळे ‘पिवळं खातं’ म्हणायचे.

कदम मूळचा महाडकडचा. अंगाने चांगला भरलेला, आल्यागेल्याशी हसून बोलणारा. बायको शैला, आणि चार वर्षांची मनी. तो टाकीवर लागला दिवाळीच्या सुमाराला. पौषात, जेव्हा मी अंगावर दोन गोधड्या घेत होते, तेव्हा कदम उघड्या अंगाने गार लादीवर झोपलेला असायचा, वर पंखा फुल.

शैला मला म्हणाली, “काकू, यांच्या पाठीवर पापड ठेवला तर भाजेल.”

मला हसू आलं. तिला आलं नाही.

त्यात त्याची भूक. सकाळी सहा भाकऱ्या, डब्यात सहा, आल्यावर पुन्हा ताट मांडायचं. मी समोरूनच मोजायचे, मला तेवढाच उद्योग. आणि एवढं खाऊन माणूस दिवसेंदिवस हँगरला लावलेल्या शर्टासारखा दिसू लागला. बनियन काढलं की काखेत पिवळं, उशीचा अभ्रा पिवळा, हाताचे तळवे पिवळे. शैला अभ्रे धुऊन जिन्याच्या कठड्यावर वाळत घालायची ते उलटी बाजू वर करून, कोणाला डाग दिसू नयेत म्हणून. दिसायचे ते सगळ्यांना.

वर नाईकबाई! त्यांचं वजन हा त्यांच्या घरातला रोजचा विषय. त्यांनी कदमला जिन्यातच अडवलं आणि म्हणाल्या, “कदमभाऊ, एवढं खाऊन बारीक कसे होता? कंपनीत काय देतात ते आम्हालापण आणा की थोडं.”

कदम भोळा. त्याने दुसऱ्याच दिवशी आणून दिला. गूळ.

*

गुळाचं असं होतं, की पिवळ्या खात्यातल्या माणसांना शिफ्ट सुटताना कंपनीकडून मूठभर गूळ मिळायचा. गूळ खाल्ला की पोटात गेलेला रंग खाली उतरतो, असा तिथल्या सगळ्यांचा पक्का समज. वरच्यांचाही तोच आणि खालच्यांचाही तोच. कोणाला चक्कर आली तर मुकादम विचारायचा, “काल गूळ खाल्लास का?” नाही म्हटलं की चूक त्या माणसाची.

कदम स्वतः खायचा नाही. पुडी बांधून घरी आणायचा, मनीसाठी. शैला त्यातलाच मला चहात घालायची. पुडीचा कागद आतून पिवळसर झालेला असायचा. मी म्हटलं, हळद लागली असेल.

त्या गुळाचा चहा मी चार महिने प्याले.

*

आता पुढची चूक माझी, ती मी कबूल करते. तळवे पिवळे, लघवी पिवळी, माणूस खंगतोय, म्हणजे कावीळ. यात डॉक्टर कशाला लागतो? तळवलीला एक म्हातारे कावीळ उतरवायचे. आगरी माणूस, चाळीस वर्षांचा हातखंडा. मी शैलाला म्हटलं, चल.

शैला तयार होईना. “आमच्याकडे असलं चालत नाही काकू. सासऱ्यांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात उतारा नाही, अंगारा नाही.”

“अगं, उतारा कुठे? झाडपाल्याचं औषध आहे,” मी म्हटलं. आणि तिला पटलं म्हणून नाही, ती घाबरलेली होती म्हणून आली. भीतीने माणूस कोणाचंही ऐकतो. त्या दिवशी माझं ऐकलं.

म्हाताऱ्याची पद्धत अशी, की आधी रोग्याच्या हाताला कसल्याशा सालीचा रस चोळायचा. मग चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावायचे. पाणी पिवळं होतं. ते बघून घरचे हात जोडतात की कावीळ उतरली. तो पिवळेपणा रसाचा असतो हे मला पुढे कळलं.

त्या दिवशी ओटीवर आधीच चार माणसं बसलेली. म्हातारा आत साल वाटत होता. पितळेच्या परातीत निवळी तयार, अगदी पाण्यासारखी स्वच्छ. कदमला वाटलं, आपला नंबर लागला. त्याने आपले दोन्ही हात त्या परातीत बुडवले.

मी वाकून बघत होते, म्हणून छातीवर हात ठेवून सांगते. हातांच्या भोवती आधी एक पिवळी रेघ फिरली. मग दुसरी. आणि बघता बघता सगळी परात झेंडूच्या रंगाची झाली.

म्हातारा वाटी घेऊन बाहेर आला आणि उंबऱ्यातच थांबला. परातीकडे बघितलं, हातातल्या वाटीकडे बघितलं. वाटीतला रस तसाच होता.

“बाय,” तो मला म्हणाला, आवाज पार बारीक झालेला, “ही कावील नाय. मी अजून रस लावलाच नाय. माज्या हातचं काम नाय हाय हे. तुजा नारल परत ने.”

आणि पुढे केलेला नारळ त्याने खरोखरच माझ्या पिशवीत परत घातला. चाळीस वर्षांत त्याने परत केलेला तो पहिला नारळ असावा. येताना रिक्षात शैला कदमच्या हातांकडे बघत होती आणि कदम ते हात मांड्यांखाली लपवत होता.

*

आमच्या सेक्टरमध्ये नुकताच एका डॉक्टरीणबाईंनी पुढच्या खोलीत दवाखाना काढला होता. तिथे गेलो तर नाईकबाई आधीच येऊन बसलेल्या, ब्लडप्रेशर तपासायला म्हणे. शैला घडलेलं सांगायला लागली, पण तळवलीचं नाव घ्यायला लाजली. मग मीच सगळं सांगितलं. मला वाटलं, बाई आता झापतील.

पण झापलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. “साल लावायच्या आधीच पाणी पिवळं झालं? तुम्ही स्वतः पाहिलंत?”

म्हटलं, “नाक बुडायचं बाकी होतं.”

त्यांनी कदमची लघवी बाटलीत घेतली, दोन-तीन काचेच्या नळ्यांत काय काय थेंब टाकले, आणि नळी उजेडात धरून कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग शैलाला समोर बसवून समजावलं. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण ते मला शब्दन् शब्द कळलं, कारण त्या आमच्या भाषेत बोलल्या.

म्हणाल्या, आपल्या शरीराच्या कणाकणात बारीक बारीक चुली पेटलेल्या असतात. आपण जेवतो ते जळण. श्वास घेतो तो वारा. चुलीवर सारखी ताकद शिजत असते, तिच्यावर हात हलतो, डोळा उघडतो, छाती धडधडते. चुलीतून थोड्याफार ठिणग्या उडतातच. शरीर त्या विझवत राहतं, आणि ठिणग्या किती उडतात त्यावरूनच चुलीचं बरं-वाईट ओळखतं. माणूस धडधाकट असला की हे सगळं आपल्या नकळत चालू असतं.

“आणि यांना काय झालंय?” शैलाने विचारलं.

“यांच्या चुली भडकल्यात. पण वरच्या भांड्याला तळ नाही. कितीही जळण घाला, शिजत काहीच नाही. नुसती आच. हा टाकीतला पिवळा माल कातडीतून, श्वासातून आत जातोय आणि भांड्यांचे तळ काढतोय.”

त्या चुलींचं नाव त्यांनी मला चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं, मायटोकॉन्ड्रिया. मला ते अजून धड म्हणता येत नाही.

कदमने पहिल्यांदाच तोंड उघडलं. “गोळी द्या ना एखादी.”

“यावर गोळी नाही. टाकीपासून लांब राहिलात तर अंगातलं हळूहळू निघून जाईल. आता थंडी आहे म्हणून अंगातली आच बाहेर जातेय. उन्हाळ्यात ती जाणार कुठे? होळीच्या आत त्या खात्यातून बाहेर पडा.”

मग म्हणाल्या, हे काही नवीन नाही. पूर्वी परदेशात लोक बारीक व्हायला हेच औषध म्हणून घ्यायचे. व्हायचेही बारीक. त्यातले काही आतून तापून मेले, तेव्हा ते बंद झालं.

बाकावर नाईकबाई पांढऱ्याफटक! ब्लडप्रेशर न तपासताच उठल्या, घरी गेल्या आणि गुळाचा अख्खा डबा नळाखाली रिकामा केला. त्यात कदमने दिलेल्या गुळाचा खडाही उरला नव्हता. तो त्यांनी कधीच संपवला होता. टाकून दिला तो बाजारातला गूळ.

*

कदम काही खातं सोडेना. बदली कामगार होता. वैशाखात कायम व्हायचं कार्ड हातात पडणार होतं, आणि त्याच्या घराण्यात आजवर कोणी कुठल्या कंपनीत कायम झालेलं नव्हतं. तक्रार केली तर मुकादम गेटबाहेर काढेल, बाहेर शंभर जण उभे आहेत, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, कार्ड कोणाच्या हातात पडणार, तुझ्या की शैलाच्या? तर मान खाली घालून म्हणाला, “काकू, चार महिनेच काढायचेत.”

शैला रोज तो दारातून आत आला की काही बोलायच्या आधी उलटा हात त्याच्या कपाळाला लावायची. मी माझ्या दारातून तिचा चेहरा बघायचे. चेहऱ्यावरून मला आजचा ताप कळायचा.

होळी जवळ आली. नाईकबाईंना मी दोनदा गाठून विचारलं, त्या दिवशी रॉकेलच्या रांगेत काय म्हणत होतात, पुढचं सांगा. त्या म्हणायच्या, “जाऊ द्या हो, दिराने सांगितलेलं. खरं कशावरून?” पण नजरेला नजर देत नव्हत्या. मग एका सकाळी त्या स्वतःच खाली आल्या आणि हळूच म्हणाल्या, कंपनीचे डॉक्टर दुपारी एक ते दोन एकटे असतात.

*

गेटवर बायकांना सोडत नव्हते. मी तीन पुडांचा डबा घेऊन गेले आणि वॉचमनला सांगितलं, डॉक्टरसाहेबांचं जेवण आहे, पथ्याचं. माझं वय बघून त्याने सोडलं, आणि शैलाला माझी सून समजला. डब्यात वरच्या पुडात भाकरी होती, मधल्यात भाजी. तिसऱ्यात चुन्याची निवळी.

डॉक्टर साठीचे, सभ्य गृहस्थ. खुर्ची दिली, ऐकून घेतलं. शैला उभीच राहिली. ती म्हणाली, यांना दुसऱ्या खात्यात द्या, कुठल्याही. कार्ड उशिरा मिळालं तरी चालेल.

ते समजुतीच्या सुरात म्हणाले की बाई, ही रंगाची कंपनी आहे, कोणाच्या ना कोणाच्या हाताला काहीतरी लागणारच, साबणाने जातं, घाबरण्यासारखं काही नाही. गूळ मिळतो ना?

शैलाने तिसरं पूड काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. झाकण उघडलं. त्यांना काय ते लगेच कळलं असावं, कारण ते हसले. “हे गावठी प्रकार. चुन्याच्या पाण्यात काय, कोणीही हात घातला तरी तेच होणार.”

“मग तुम्ही घाला,” शैला म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. चार महिन्यांत ती कोणाशी वर मान करून बोलली नव्हती.

डॉक्टर पुन्हा हसले, मनगटातलं घड्याळ काढून बाजूला ठेवलं आणि आम्हा अडाणी बायकांचं समाधान करायला बोटं पाण्यात बुडवली. कंपनीच्या आवारात, पण टाकीपासून कितीतरी लांब, पंख्याखाली बसणारा माणूस. पांढराशुभ्र कोट. साबणाचा वास येणारे हात.

पिवळी रेघ आधी नखांच्या कडेने फिरली.

बाहेर ट्रक मागे घेत होते, त्याचा आवाज येत होता. डॉक्टरांनी बोटं बाहेर काढली आणि रुमालाला पुसली. मग त्या रुमालाकडेही बघितलं. एक कागद पुढे ओढून त्यांनी त्यावर इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, सही केली आणि शैलाकडे दिल्या. कदमची बदली पॅकिंगला.

आम्ही उठलो तेव्हा एवढंच म्हणाले, “त्या डब्यात परत कोणाला जेवण देऊ नका.”

*

पॅकिंगला गेल्यावर कदमचे कायम व्हायचे दिवस पुन्हा पहिल्यापासून धरले. कार्ड लांबलं. पण महिन्याभरात भाकऱ्या सहाच्या चारवर आल्या, गालांवर थोडं मांस आलं. चैत्रात त्याने पहिल्यांदा अंगावर चादर मागितली तेव्हा शैला माझ्या दारात येऊन रडली.

मग वैशाख. वाशीला तेव्हा सावली म्हणून नव्हती. दुपारी डांबर चपलेला चिकटायचं. अशाच एका दुपारी नाईकबाई जिना उतरत आल्या, पदर खांद्यावर नाही, आणि शैलाच्या दारासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “दिराचा निरोप आलाय. पिवळ्या टाकीवरचा माणूस गेला.”

शैला विळीवर कांदा चिरत होती. ती उठली नाही. मी म्हटलं, अगं, तो पॅकिंगला आहे, दोन महिने झाले. तिला ऐकू जात नव्हतं. चिरून झालेला कांदा ती पुन्हा चिरत होती.

कदम चालत आला. कंपनीची गाडी सुटली नव्हती. जिन्यात त्याची पावलं ऐकली तेव्हा कुठे शैला उठली. दारातच उलटा हात त्याच्या कपाळाला लावला, तसाच ठेवून उभी राहिली. कपाळ घामाने गार होतं.

तो पायरीवर बसला. हळूहळू सांगितलं. सकाळी दहाच्या सुमाराला तो माणूस टाकीपाशी बसला, म्हणाला, फार गरम होतंय. पॅकिंगवाल्यांना हाक मारली, ओल्या गोणपाटात गुंडाळून उचलला. “काकू, उचलताना माझे हात पोळले. दवाखान्यात पोचेपर्यंत लाकूड झालेला. हात सरळ करता येईनात.”

नाईकबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. रांगेत तुटलेलं वाक्य त्यांनी त्या दिवशी पुरं केलं, पण कोणाला सांगायला म्हणून नाही, आपल्या आपणच. “हा उन्हाळा काही काढत नाही. असंच म्हणाले होते डॉक्टर. नावही कदमचंच घेतलं होतं.”

मनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. कदमने घेतला नाही.

शैलाने विचारलं, “त्याचं नाव काय होतं?”

कदम कितीतरी वेळ आठवत बसला.

“नवीन होता,” तो म्हणाला. “सगळे त्याला कदमच्या जागेवरचा म्हणायचे.”